शेअरपॉइंटला हात कुठे लावायचा, कुठे नाही

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत जाऊन विचारा, "तुमच्याकडे शेअरपॉइंट आहे का?" उत्तर बहुधा "नाही बुवा" असंच येईल. (शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या फायली आणि याद्या एका जागी ठेवून सगळ्यांना वापरू देणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर.) मग विचारा, "टीम्स वापरता का?" तर "हो, रोजच." आता गंमत अशी की टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेली प्रत्येक फाइल शेअरपॉइंटच्याच लायब्ररीत, म्हणजे फायलींच्या कपाटात, जाऊन बसते. ईमेल, एक्सेल आणि टीम्स हवं म्हणून मायक्रोसॉफ्ट 365 घेतलं, त्याच्या पोटात शेअरपॉइंट आलं, आणि कुणी काही न ठरवता त्यात हजारो फायली साचत गेल्या.

मग एक दिवस ऑडिट येतं, किंवा मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून परत येतो, आणि मागणी सुरू होते, "हे जरा आपल्या पद्धतीचं करून द्या." कुणाला मुखपृष्ठावर कंपनीचा रंग हवा असतो, कुणाला बिल मंजुरीची साखळी. एक आप्पा मला सरळ अहिराणीत म्हणाले होते, "भाऊ, आमले फक्त एक बटन जोयजे." मागणी रास्त आहे. पण ते एक बटण कुठल्या थरात बसवायचं, यावर पुढच्या पाच वर्षांचा खर्च ठरतो.

शेअरपॉइंट 2001 साली आलं, तेव्हा ते कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालायचं. आता बहुतेक ठिकाणी ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालतं आणि आपण महिन्याचे पैसे भरतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गाळा भाड्याने घेतला तर रॅक, रंग, दिवे, बोर्ड सगळं आपलं. खांबाला मात्र हात लावायचा नाही. आजच्या शेअरपॉइंटचं तसंच आहे. फरक एवढाच की इथला मालक कायम कुठे ना कुठे डागडुजी करत असतो, आणि तुम्ही खांबाला खिळा ठोकला असेल तर तो निघून पडतो.

शेअरपॉइंट आपल्या सोयीचं करण्याचे ढोबळमानाने चार थर आहेत. सगळ्यात खाली मांडणी, म्हणजे लायब्ररी, यादी (नोंदींचा तक्ता), कॉलम, परवानग्या. त्यावर दिसणं, म्हणजे रंग, खुणा, फॉर्मची रचना. त्यावर आपोआप चालणारी कामं, ज्याला पॉवर ऑटोमेट हे मायक्रोसॉफ्टचंच साधन लागतं; त्यातल्या एकेका कामाच्या साखळीला फ्लो म्हणतात. आणि सगळ्यात वर खरा कोड. माझं मत सांगून टाकतो: कोड हवा म्हणून आलेल्या बहुतेक मागण्या खालच्या थरातलं काम अर्धवट राहिल्यामुळे आलेल्या असतात.

रावेर भागातली केळी निर्यात करणारी एक कंपनी धरून चला. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता इथून कंटेनर भरून माल न्हावाशेवामार्गे आखाती देशांत जातो. एका कंटेनरमागे कागद किती? इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं, थोडक्यात फायटो), बिल ऑफ लेडिंग (जहाजाची माल-पावती), प्रयोगशाळेचा अहवाल, शिवाय पॅकहाऊसमधले फोटो. ऑफिसातली ताई काय करते? वर्षाचं फोल्डर, त्यात देशाचं, त्यात गिऱ्हाइकाचं, त्यात कंटेनरचं. दिसायला नीटनेटकं. पण साहेबांनी विचारलं, "मार्च महिन्यातली सगळी फायटो काढ, देश कुठलाही असो," की तिला एकेक फोल्डर उघडत बसावं लागतं. कारण फाइल एका वेळी एकाच फोल्डरात राहू शकते, आणि प्रश्न मात्र दहा बाजूंनी येतात.

यावर उपाय आहे कॉलमचा, ज्याला मेटाडेटा म्हणतात. फाइल एकाच लायब्ररीत ठेवायची आणि तिला देश, गिऱ्हाईक, कंटेनर नंबर, कागदाचा प्रकार, तारीख असे कॉलम जोडायचे. मग त्याच फायलींचे हवे तितके व्ह्यू, म्हणजे दाखवण्याच्या तऱ्हा, करता येतात: एक कंटेनरनुसार, एक देशानुसार, एक फक्त मुदत संपत आलेल्या कागदांचा. याच्या पुढची पायरी म्हणजे कंटेंट टाइप. फायटोला मुदतीची तारीख लागते, इन्व्हॉइसला रक्कम लागते, फोटोला दोन्ही नको. प्रत्येक कागदाचा प्रकार एकदा ठरवून ठेवला की अपलोड करताना त्या-त्या प्रकाराचेच रकाने समोर येतात. वापरणाऱ्याला वाटतं, खास आपल्यासाठी सॉफ्टवेअर बनवलंय. प्रत्यक्षात कोडची एक ओळही लिहिलेली नसते.

इथे मराठीत काम करणाऱ्याला नडणारी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती सुरुवातीलाच कळली तर बरीच डोकेदुखी वाचते. शेअरपॉइंटमध्ये प्रत्येक कॉलमला दोन नावं असतात: एक दिसणारं, एक आतलं. दिसणारं कधीही बदला. आतलं कॉलम तयार होताना एकदाच ठरतं आणि पुढे बदलत नाही. हे आतलं नाव साध्या इंग्रजी अक्षरांचं असावं लागतं, म्हणून देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराच्या, मात्रेच्या आणि अनुस्वाराच्या जागी सहसा सात चिन्हांचा एक कोड बसतो. आणि आतल्या नावाला जागा असते 32 चिन्हांची. आता "कंटेनर क्रमांक" असा कॉलम करा. क, अनुस्वार, ट, एकार इतक्यातच 28 चिन्हं खर्ची पडली. पुढचं कापलं गेलं. मग "कंटेनर तारीख" केला, तर त्याचीही सुरुवात तीच. आत दोन्हींची नावं जवळजवळ सारखी, शेवटी एखादा आकडा चिकटवलेला. उद्या फ्लो लिहिताना किंवा फॉर्म्युला टाकताना यातला क्रमांक कुठला आणि तारीख कुठली, हे देव जाणे. म्हणून कॉलम तयार करताना आधी इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता छोटं नाव द्यायचं, सेव्ह करायचं, आणि मग लगेच नाव बदलून मराठी करायचं. लोकांना मराठी दिसतं, आत स्वच्छ इंग्रजी राहतं.

मराठीचाच विषय निघालाय तर शोधाबद्दलही सांगतो. पतसंस्था, शाळा, नगरपालिकांच्या जुन्या फायली बऱ्याचदा श्री-लिपी, कृतिदेव किंवा सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. स्क्रीनवर त्या मराठी दिसतात, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात; मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. शेअरपॉइंटचा शोध पोटातलं वाचतो. तुम्ही "ठराव" शोधलं, तर हजार ठराव पडलेले असूनही एकही सापडत नाही, आणि दोष शेअरपॉइंटला जातो. अशा फायली युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं खरोखर देवनागरी म्हणून साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून मगच चढवाव्यात. तेवढा वेळ नसेल तर निदान विषय, तारीख, ठराव क्रमांक हे कॉलम युनिकोडमध्ये भरावेत, म्हणजे शोध कॉलमवरून तरी लागतो.

गावांच्या नावांचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी. अमळनेर की अंमळनेर? नंदुरबार की नंदूरबार? चार माणसं चार तऱ्हांनी टाइप करतात आणि यादीत एका गावाची चार गावं होतात. यासाठी टर्म स्टोअर नावाची सोय आहे. तिथे अधिकृत शब्द एकदाच नोंदवायचा आणि त्याची इतर रूपं त्याच्याखाली जोडायची. कुणी दुसरं रूप टाइप करायला घेतलं तरी यादी अधिकृत शब्दच सुचवते. गावं दहा-बाराच असतील तर एवढाही खटाटोप नको, साधा निवडीचा कॉलम पुरतो.

आता 5000 या आकड्याकडे येऊ, कारण याच्याइतका गैरसमज शेअरपॉइंटमध्ये दुसऱ्या कशाबद्दल नसेल. यादीत 5000 च्या वर नोंदी गेल्या की काही व्ह्यू चालेनासे होतात आणि लोक म्हणतात, शेअरपॉइंट भरलं. भरलेलं काही नसतं. एका यादीत 3 कोटी नोंदी मावतात. 5000 ही मर्यादा आहे एका व्ह्यूसाठी डेटाबेसला एका वेळी किती ओळी चाळायला लावायच्या याची.

असं का? शेअरपॉइंटचा माल एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये राहतो आणि तिथे वेगवेगळ्या याद्यांच्या नोंदी एकाच भल्यामोठ्या तक्त्यात एकत्र असतात. कुणी नोंदी वाचायला घेतल्या की डेटाबेस त्या ओळींना तात्पुरतं कुलूप लावतो, म्हणजे वाचता वाचता त्या बदलू नयेत. पण ओळी सुमारे 5000 च्या वर गेल्या की ओळीओळीला कुलूप लावणं त्याला परवडत नाही. तो सरळ अख्ख्या तक्त्यालाच कुलूप लावतो. तुमच्या एका व्ह्यूपायी त्या तक्त्यातल्या बाकी सगळ्यांचं काम तटतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने आधीच दार लावून घेतलंय. स्वतःच्या सर्व्हरवर ही मर्यादा वाढवता येते, ऑनलाइनमध्ये नाही. कितीही ओळख काढा.

यातून मार्ग म्हणजे इंडेक्स, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, जिच्यामुळे डेटाबेसला सगळ्या ओळी न चाळता हव्या त्या सापडतात. ज्या कॉलमवर नेहमी गाळणी लावणार, त्यावर इंडेक्स लावायचा. एका यादीवर असे 20 कॉलम चालतात. व्ह्यूच्या गाळणीत पहिली अट इंडेक्स असलेल्या कॉलमची ठेवायची, आणि त्या पहिल्या अटीतूनच 5000 पेक्षा कमी नोंदी शिल्लक राहिल्या पाहिजेत. आपल्या केळीच्या उदाहरणात पहिली अट "देश" ठेवली आणि निम्म्याहून जास्त माल एकाच देशात जात असेल, तर इंडेक्स असून उपयोग नाही. पहिली अट "हंगाम" किंवा "महिना" हवी. मृगबाग आणि कांदेबाग असे दोन लागवडीचे हंगाम इथे प्रत्येकाच्या तोंडी आहेतच, त्यांच्यावर वर्षासकट कॉलम केला की काम भागतं. यादी लहान असताना शेअरपॉइंट काही इंडेक्स आपोआपही लावतं, पण 20,000 च्या पुढे गेलेल्या यादीवर इंडेक्स चढवणं त्रासाचं होतं. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं.

परवानग्यांबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण दोन्ही महागात पडणाऱ्या आहेत. टीमच्या साइटवर "मेंबर" म्हणून आलेल्या माणसाला सुरुवातीपासूनच "एडिट" ही पातळी मिळते. नावावरून वाटतं, फाइल बदलू शकेल एवढंच. पण एडिटमध्ये अख्खी यादी किंवा लायब्ररी बनवण्याचा आणि उडवण्याचाही हक्क येतो. नवीन लागलेला पोरगा चुकून पूर्ण लायब्ररी काढून टाकू शकतो. त्याला "काँट्रिब्यूट" द्या: फायली टाकेल, बदलेल, पुसेल, पण लायब्ररीला धक्का लागणार नाही. तरीही काही उडालंच, तर 93 दिवस ते रिसायकल बिनमध्ये सापडतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी देत बसू नका. वर्षभरात कुणाला काय दिसतं, हे खुद्द ॲडमिनलाही सांगता येत नाही. गुप्त कागद असतील तर त्यांची लायब्ररीच वेगळी करा.

दुसरा थर दिसण्याचा. यादीतल्या कॉलमला जेसन नावाच्या साध्या मजकुरातून रंगरूप देता येतं. फायटोची मुदत सात दिवसांवर आली की तो रकाना लाल, कागद पूर्ण असतील तर हिरवी खूण, रकमेशेजारी छोटा पट्टा. तयार नमुने मिळतात, त्यात कॉलमचं आतलं नाव तेवढं बदलायचं. वर इंग्रजी नावाचा आग्रह धरला तो यासाठीही. हे काम दोन तासांचं आहे आणि मालकांना सगळ्यात जास्त आवडतं तेच. कुणाला कोड शिकायचा असेल तर सुरुवात इथून करावी.

मात्र हे लक्षात ठेवा: जेसन फक्त दाखवण्यापुरतं आहे. एखाद्या पॅकहाऊसवाल्या कंपनीत मागणी येते, "खरेदीचा भाव सुपरवायझरला दिसू नये." कुणीतरी जेसनने तो रकाना त्या लोकांसाठी कोरा दाखवतं आणि सगळे खूश. सुपरवायझरने तीच यादी एक्सेलमध्ये काढली की भाव रुपये-पैशांसकट समोर. शेअरपॉइंटमध्ये कॉलमवर परवानगी लावण्याची सोयच नाही. परवानगी साइटवर, यादीवर किंवा एकेका नोंदीवर लागते. भाव लपवायचा असेल तर भावाची यादीच वेगळी करून तिची परवानगी वेगळी ठेवावी लागते. दुसरा रस्ता नाही.

तिसरा थर म्हणजे पॉवर ऑटोमेट. फाइल आली की साहेबांना मंजुरीसाठी निरोप, मंजूर झाली की स्थिती बदल, नामंजूर झाली की कारणासकट परत. असा फ्लो जोडणं सोपं आहे, म्हणूनच त्यात लोक फसतात. सगळ्यात नेहमीचा फास असा: "नोंद बदलली की सुरू हो" असा फ्लो, आणि फ्लोच्या शेवटी तो स्वतःच त्या नोंदीची स्थिती बदलतो. नोंद बदलली म्हणून फ्लो पुन्हा सुरू, पुन्हा बदल, पुन्हा सुरू. रात्रभर साहेबांच्या मोबाइलवर मेलांचा पाऊस. यासाठी फ्लोच्या ट्रिगरलाच, म्हणजे तो सुरू करणाऱ्या घटनेलाच, अट घालायची: स्थिती "नवीन" असेल तरच सुरू हो.

दुसरी अडचण पतसंस्थांची हमखास होते. फ्लो एकदा सुरू झाला की जास्तीत जास्त 30 दिवस जिवंत राहतो. कर्ज मंजुरीचा फ्लो संचालक मंडळाच्या मासिक सभेची वाट बघत थांबला आणि सभा चार दिवस पुढे गेली, तर फ्लो वेळ संपली म्हणून मरतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. उपाय म्हणजे फ्लोला थांबवून ठेवायचंच नाही. यादीत "सभेपुढे" अशी स्थिती ठेवायची. सभेनंतर सचिवांनी ती बदलली की दुसरा फ्लो सुरू होऊन पुढचं काम करतो. दोन छोटे फ्लो एका लांबलचक फ्लोपेक्षा कधीही बरे.

आणि फ्लो चालतो तो बनवणाऱ्याच्या खात्याच्या जोडणीवर. त्या माणसाने नोकरी सोडली, खातं बंद झालं, की फ्लोही अडकतो. म्हणून कार्यालयाच्या नावाचं वेगळं खातं करून फ्लो त्यावर ठेवावेत, निदान दुसरा एक सहमालक तरी जोडावा.

आता कोड. जुन्या काळी मास्टर पेज, म्हणजे सगळ्या पानांचा सामायिक साचा, बदलून किंवा पानात जावास्क्रिप्ट खुपसून शेअरपॉइंटचा चेहरामोहरा पालटला जायचा. डावीकडचा मेनू गायब, वरची पट्टी गायब, सगळं आपल्या वेबसाइटसारखं. नव्या धाटणीच्या पानांवर हा दरवाजा बंद आहे. तरी काही जण आडवाटेने पानाच्या आतल्या रचनेला कोड चिकटवतात. ती रचना मायक्रोसॉफ्ट कधीही, न सांगता बदलू शकतं, आणि मग एका सोमवारी सकाळी अख्ख्या ऑफिसला कोरं पान दिसतं.

आजचा राजमार्ग म्हणजे 2017 साली आलेलं शेअरपॉइंट फ्रेमवर्क. टाइपस्क्रिप्ट या भाषेत, बहुधा रिॲक्ट हा तयार कोडचा संच वापरून वेब पार्ट, म्हणजे पानावर बसवायचा तुकडा, लिहायचा, त्याचं पॅकेज बांधायचं आणि कंपनीच्या ॲप कॅटलॉगमध्ये चढवायचं. ॲडमिनने मान्य केलं की तो वेब पार्ट बाकी वेब पार्टच्या रांगेत दिसू लागतो. वरच्या-खालच्या पट्ट्या आणि यादीवरची जादा बटणंही यातूनच बसतात. आप्पांना हवं असलेलं बटण शेवटी इथेच बनतं, जर खालच्या थरात खरंच भागत नसेल तर. हा कोड बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच हक्कांनिशी चालतो. म्हणजे ज्याला यादी बघायची परवानगी नाही, त्याला वेब पार्टही ती दाखवू शकत नाही. हे चांगलंच आहे. पण उलट बाजूने, बघणारा जर मोठा ॲडमिन असेल तर कोडलाही तेवढाच हात मिळतो. म्हणून कुठूनतरी फुकट मिळालेलं पॅकेज डोळे झाकून चढवू नये.

कोड लिहिणं हा खर्चाचा छोटा भाग; तो जपणं हा मोठा. फ्रेमवर्कच्या आवृत्त्या येत राहतात, प्रत्येक आवृत्तीला नोड या कोड बांधायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती लागते, दोन वर्षांनी जुना प्रकल्प उघडला तर तो सरळ बांधलाही जात नाही. विप्रोचा उगम 1945 साली अमळनेरात, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाला हे आपण अभिमानाने सांगतो खरं, पण खान्देशातली कोड लिहिणारी पोरं आज हिंजवडीत आहेत. पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत बनवून दिलेला वेब पार्ट पुढच्या वर्षी कोण दुरुस्त करणार, हे आधी ठरवा. बाहेरच्या माणसाला काम दिलं तर नुसतं पॅकेज घेऊ नका, मूळ सोर्स कोड आणि कॉलमच्या आतल्या नावांची यादी ताब्यात घ्या. पॅकेजवरून मूळ कोड परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

मुखपृष्ठाबद्दल जाता जाता: धडगाव, अक्कलकुवा भागातल्या शाखेतही तेच पान उघडायचं असतं. रेंज एक काडी असताना सरकणारे पाच मोठे फोटो तिथे कुणाच्या कामाचे नाहीत.

ज्यांच्याकडे आधीपासून काही बनवलेलं आहे, त्यांनी तीन जुन्या गोष्टी तपासाव्यात. शेअरपॉइंट डिझायनर या जुन्या साधनातून केलेले 2010 च्या पद्धतीचे वर्कफ्लो (आजच्या फ्लोचे पूर्वज) ऑनलाइनमध्ये 1 नोव्हेंबर 2020 पासून बंद झाले. 2013 च्या पद्धतीचे वर्कफ्लो आणि जुने ॲड-इन (वरून जोडलेली छोटी ॲप) यांना मायक्रोसॉफ्टने 2 एप्रिल 2026 ही शेवटची तारीख दिली. इन्फोपाथ या जुन्या फॉर्म बनवण्याच्या साधनातले फॉर्म आणि सर्व्हरवरच्या 2016 व 2019 आवृत्त्या, यांची तारीख 14 जुलै 2026. वर्कफ्लो पॉवर ऑटोमेटमध्ये नव्याने बांधता येतात. इन्फोपाथचा फॉर्म मात्र जसाच्या तसा उचलून नेण्याची सोय नाही. तो पॉवर ॲप्स या मायक्रोसॉफ्टच्या नव्या साधनात एकेक रकाना हाताने जुळवत पुन्हा करावा लागतो, आणि जुन्या फॉर्ममध्ये भरलेली माहिती फायलींच्या आतून काढून कॉलममध्ये आणण्याचं काम त्याहून मोठं असतं. पतसंस्थेने दहा वर्षं कर्जाचे अर्ज त्यात घेतले असतील, तर आधी ही माहिती बाहेर काढा. नवा फॉर्म नंतर.